भिंतीतली थोरली

कानडी मुलखातल्या एका शहरात, बळेपेटेच्या मागच्या गल्लीत, रघुपतीरावांचं शिवणकामाचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर, घरामागे अंगण, न्हाणीघर, कोळशाची खोली आणि एक जुनी मातीची भिंत. वाचणाऱ्यानं या भिंतीवर लक्ष ठेवावं. घरातल्या पुरुषांनी ते कधीच ठेवलं नाही.

राज्यांची नवी वाटणी होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. त्या दिवशी सकाळी सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. रघुपतीराव इस्त्रीत निखारे भरत होते. दंडूतल्या, म्हणजे कॅन्टोन्मेंटातल्या, एका साहेबाचा कोट संध्याकाळी द्यायचा होता आणि त्याची काजं राहिली होती. काजं त्यांची बायको कृष्णवेणी करायची. तिचा टाका इतका बारीक आणि जरासा तिरका, की गिऱ्हाईक काजावर बोट फिरवून बघे आणि शाबासकी रघुपतीरावांना देऊन जाई.

दुकानात पॉपलिन, लाँगक्लॉथ, मलमल, कोटाचं अस्तर, सगळ्यांचे तागे भिंतीला टेकून उभे असत. उरलेली कातरण पोत्यांत भरून गादीवाल्याकडे जाई. आणि याच घरातल्या बायकांना महिन्याच्या त्या दिवसांसाठी काय मिळे? शिपायांच्या गणवेशाचं जाड खाकी ड्रिल, तेही विटलेलं. ते पाणी शोषत नाही, नुसतं घासतं. चांगलं कापड मागायचं म्हणजे पुरुषाकडे मागायचं, आणि तसलं काही पुरुषासमोर बोलणारी बाई त्या घराण्यात अजून जन्मली नव्हती. कापडाच्या घरात बायका कापडावाचून होत्या, आणि याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

मागच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर एक सैल वीट होती. ती ओढली की आत कोपरापर्यंत हात जाईल असं भोक. वापरलेलं कापड पहाटे दगडावर नुसत्या पाण्यानं धुवायचं आणि ओलंच त्या भोकात कोंबायचं. उन्हात घालायचं नाही, पुरुषाची नजर पडली तर त्याचे डोळे जातात. उकिरड्यावर टाकायचं नाही, कुणी उचलून माट करतं, म्हणजे करणी करतं. पुरायचं नाही, सापानं ओलांडलं तर मूल होत नाही. आणि जाळायचं तर मुळीच नाही, कापड जळलं की कूस जळते. मग पार चिंधी झालेलं कापड जायचं कुठे? आणखी आत, भिंतीच्या पोटात. आजेसासूपासूनची फडकी तिथे साठली होती.

त्या भोकाला आजेसासूनंच नाव ठेवलं होतं, थोरली. "थोरलीला दिलंस का गे?" असं सासू सुनेला भर ओसरीवर विचारी आणि पुरुषांना काही कळत नसे. त्यांना वाटे, आजोबांची पहिली बायको बाळंतपणात गेली, तिच्या नावानं बायका काही नैवेद्य देत असतील. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. उलट त्या गैरसमजानं सगळ्यांची सोयच झाली.

रघुपतीरावांची बहीण चंपा वयात आली तेव्हा तिची ओटी भरली, गल्लीत साखर वाटली. पुढच्याच दिवशी आई सकवारबाईंनी थोरलीतून काढलेलं ओलं ड्रिल तिच्या हातात ठेवलं. काही महिन्यांत पोरीच्या मांड्या सोलवटल्या, फोड आले, अंगात कणकण राहू लागली. ती पाय फाकवून चालायला लागली तेव्हा सकवारबाई म्हणाल्या, "सरळ चाल गे. कोलारचे लोक बघायला येणार आहेत तुला." एवढाच काय तो औषधोपचार झाला.

कृष्णवेणीला मात्र ते बघवेना. ती हुबळीची. तिथल्या मुलींच्या शाळेत एका बाईंनी दार लावून घेऊन मुलींना सांगितलं होतं, की कापड स्वच्छ हवं, उन्हात कडक वाळलेलं हवं, आणि खराब झालं की जाळून टाकावं, त्यानं काही होत नाही. सासरी आल्यावर ते सगळं तिनं मनात पुरून टाकलं होतं. लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नव्हतं, त्यामुळे या घरात तिच्या शब्दाला किंमत ती काय असणार? पण चंपा रात्रभर कण्हायची, आणि वहिनी उठून बसायची. शेवटी तिनं गादीवाल्याच्या पोत्यातून मलमलीचे तुकडे काढले, घडी घालून कडेनं टाके घातले आणि चंपाला दिले.

"अक्का, हे मऊ आहे की," चंपा म्हणाली आणि रडायला लागली.

"वापरून झालं की मला दे. कागदात गुंडाळून दे. मी बघते पुढचं."

"थोरलीला?"

"थोरलीला बस झालं. न्हाणीघराची चूल आहे ना रोज पेटलेली."

चंपानं हातातले तुकडे खाली ठेवले. "माझी कूस जळली तर? कोलारला कळलं तर?"

"माझ्यावर विश्वास ठेव. आणि कळणार कसं? तू नि मी, तिसरं कोण आहे?"

तीन महिने हे बिनबोभाट चाललं. फोड बसले, ताप गेला, चंपा पुन्हा अंगणात दोरीवरच्या उड्या मारायला लागली. कृष्णवेणी पहाटे आंघोळीच्या हंड्याखाली लाकडं सारायची आणि त्यांच्यात कागदाची पुडी. त्यात पाप कुठलं? पण चूक एक झाली. एका पहाटे लाकडं ओली होती.

सकवारबाई दात राखेनं घासत. त्या दिवशी सकाळी त्यांनी राखेच्या कुंडीत हात घातला आणि बोटांत आला अर्धवट जळलेला मलमलीचा तुकडा. एक कड काळी, एक कड पांढरी, आणि मध्ये डाग. घरावर कुणी माट केला असंच त्यांना आधी वाटलं. तो तुकडा चिमट्यात धरून त्या दुकानाच्या दारापर्यंत गेल्या. जी बाई असलं कापड पुरुषाला दिसू नये म्हणून जन्मभर जपली, तीच भीतीच्या भरात ते मुलासमोर घेऊन उभी राहिली. फक्त ते काय आहे, हे तेवढं त्यांनी सांगितलं नाही.

"राखेत सापडलं बघ. कुणीतरी आपल्यावर केलंय."

रघुपतीरावांनी चिमटा उजेडात धरला. जन्म कापडात गेलेला माणूस तो. डाग बघायच्या आधी त्यांनी टाका बघितला.

"कुणी बाहेरचं नाही, अव्वा. हा टाका वेणीचा आहे."

सकवारबाईंना मग सगळं एकदम उमगलं, आणि चुकीचं उमगलं. "जाळते म्हणजे ही. आपल्या हातानं कूस जाळते. म्हणून सहा वर्षं पाळणा नाही."

जाळणं तीन महिन्यांचं आणि पाळणा सहा वर्षांचा रिकामा, हा साधा हिशेब त्या घरात कुणाला सुचला नाही. राग आला की हिशेब कशाला लागतो! रघुपतीरावांनी मेजावरचा लोखंडी गज उचलला. त्याच गजानं ते कापड मोजत. कृष्णवेणी अंगणात काजं करत बसली होती. त्यांनी तिचे केस धरून तिला उठवलं आणि पहिला फटका पाठीवर घातला.

"तुझंच ना हे? बोल."

कृष्णवेणीनं तुकडा बघितला. अंगणाच्या कडेला चंपा एकटी बसली होती. ती त्या दिवशी बाहेरची होती, तिला कुणी शिवायचं नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. एक शब्द, आणि गज त्या पोरीकडे वळला असता. कोलारचं स्थळ मोडलं असतं, आणि जळलेल्या कुशीची म्हणून ती जन्मभर या अंगणात बसली असती.

"माझंच आहे," कृष्णवेणी म्हणाली.

मग रघुपतीरावांनी मोजणं सोडलं. पाठ, खांदे, दंड. ती पडली तेव्हा लाथा. तिनं डोकं वाचवायला उजवा हात वर केला तर गज बोटांवर बसला आणि बोटं मोडल्याचा आवाज चंपाला अंगणाच्या कडेपर्यंत ऐकू आला. "माझा वंश जाळलास. माझा वंश जाळलास," एवढं एकच ते बडबडत होते. माणूस वाईट होता का? गल्लीत विचाराल तर देवमाणूस म्हणतील. सणाला बहिणीला दोन परकर जास्त शिवणारा. तोच माणूस बायकोला पायानं ढकलत कोळशाच्या खोलीत घेऊन गेला आणि त्यानं बाहेरून कडी घातली.

"उद्या हुबळीला पाठवून देतो. तिथं जाळत बस."

सकवारबाईंनी पदरानं डोळे पुसले, अंगण झाडलं, रक्तावर शेणाचा सडा घातला. मग चंपाकडे वळल्या. "तू तरी नीट वाग. दुपारच्या आत धू आणि थोरलीला दे. बाकीच्या दिवसांचं पण तिथंच ठेव, ऐकलंस?"

चंपानं मान हलवली. तिच्यासाठी कुणी मार खाल्ला होता हे तिला कळत होतं, आणि आता तिच्यात विरोधाचा एक कण उरला नव्हता. तिनं कापड धुतलं. भिंतीपाशी गेली. मधे तीन महिने दोघींपैकी कुणीच वीट हलवली नव्हती, आत ओलसर अंधारात फडक्यांना बुरशी आली होती. तिनं हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि किंचाळून बाहेर ओढला.

रघुपतीराव धावत आले. चंपा जमिनीवर लोळत होती, हात पोटाशी घट्ट दाबून.

"काय झालं गे?"

"थोरलीनं डसलं, अण्णा. थोरलीनं."

"कुठली थोरली? अव्वा, ही काय म्हणते?"

सकवारबाईंना माहीत होतं. चंपा सोडली तर त्या क्षणी साऱ्या जगात दोनच माणसांना हे माहीत होतं, एक त्या आणि दुसरी कोळशाच्या खोलीत कोंडलेली. सांगायचं म्हणजे मुलाला भिंत दाखवायची. भिंत दाखवायची म्हणजे आतलं दाखवायचं. ज्या तोंडातून तो शब्द सगळा जन्म ओसरीवर सहज यायचा, त्या तोंडातून त्याचा अर्थ निघेना. आणि मग त्या बोलल्या ते हे बोलल्या:

"तुझ्या आजोबांची थोरली. हिच्या अंगात आली वाटतं."

"विंचू आहे!" कोळशाच्या खोलीतून कृष्णवेणी ओरडली. मोडक्या हातानं ती दार ठोकत होती. "भिंतीत विंचू आहे. थोरली म्हणजे भिंतीतलं भोक. तिला दवाखान्यात न्या. तिचा हात बघा."

"तू गप्प बस. तुझ्यामुळंच घरात हे आलंय."

"हात बघा हो तिचा, नुसता हात बघा."

पण हात बघायला हात धरावा लागतो, आणि चंपा बाहेरची होती. रघुपतीराव एका हाताच्या अंतरावर उभे राहिले. त्यांनी शेगडीत वाळक्या मिरच्या टाकल्या आणि ती शेगडी बहिणीच्या तोंडापुढे सारली. ठसक्यानं ती गुदमरली, तरी धूर हटवला नाही. कडुलिंबाची फांदी तोडून तिच्या अंगावर सपासप ओढली. "सोड. सोड माझ्या बहिणीला. काय पाहिजे तुला, सांग." मारता मारता ते रडत होते. चंपाला घाम फुटला होता, परकर भिजून चिंब झाला होता, आणि हातपाय बर्फासारखे गार पडत चालले होते. ती ओकली. "बेड, अण्णा, बेड," असं म्हणत राहिली. शाळेत मैत्रिणींशी कानडीत बोलायची तशी, नको, अण्णा, नको.

खोलीत कृष्णवेणी ओरडून ओरडून घसा बसेपर्यंत तेच सांगत होती. सकवारबाई दाराला पाठ लावून उभ्या होत्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

चंपाच्या तोंडाला गुलाबी फेस आला तेव्हा रघुपतीरावांच्या हातातली फांदी पडली. मग जटका, म्हणजे टांगा, आणला, मग शिवाशीव विसरून तिला उचललं. मार्केटाच्या वळणावर पोचेपर्यंत तिनं त्यांच्या मांडीवर मान टाकली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिची मूठ उघडली, सुजलेलं काळंनिळं बोट बघितलं आणि विचारलं, "विंचू चावून एवढा वेळ झाला, तुम्ही करत काय होता?"



दिवस मावळायच्या आत न्यायचं ठरलं. ओसरीवर चंपाला ठेवलं. गल्लीतल्या बायका जमल्या, पण ती बाहेरची होती हे कानोकानी झालं आणि अंघोळ घालायला एकही पुढे होईना. पाणीसुद्धा तापलं नव्हतं. चूल पेटवणं हे या घरात सुनेचं काम. तेव्हा कुठे सकवारबाईंना कडी काढायची आठवण झाली.

कृष्णवेणी बाहेर आली. तोंड कोळशानं काळं, उजवा हात सुजून लोंबत होता. तिनं ओसरीवर बघितलं. मग परत खोलीत गेली आणि कोळसे फोडायची पहार डाव्या हातानं ओढत घेऊन आली.

पहिल्या घावात सैल वीट निघाली. दुसऱ्या घावात शेजारच्या विटा. जुनी माती, पावसानं भिजलेली, ढेकळांनी खाली येऊ लागली, आणि मातीबरोबर फडकी. खाकी, काळी, हिरवट बुरशीची, कुजलेली, एकमेकांना चिकटलेली. सगळ्या गल्लीसमोर, भर उजेडात. बायकांनी पदर तोंडाला लावले, पुरुष माना वळवून उभे राहिले. फडक्यांतून एक तांबूस विंचू नांगी उभारून बाहेर आला. कृष्णवेणीनं पहारीच्या टोकानं त्याचा चेंदा केला.

रघुपतीराव गज घेऊन धावले. "लाज सोडलीस? घराची अब्रू..."

ती मागे सरली नाही. पहार तिनं दोघांच्या मधे आडवी धरली.

"ही थोरली," ती म्हणाली. "ओळख करून घ्या. हिनं डसलं तुमच्या बहिणीला. मघाशी मी हेच सांगत होते."

रघुपतीरावांनी खाली बघितलं. त्यांना टाके ओळखता येत होते, कापड ओळखता येत होतं. हे ड्रिल वडिलांच्या वेळचं, लढाईतल्या शिपायांच्या गणवेशाचं. हा आजोबांच्या हातचा काप. त्यांच्याच दुकानाचं कापड, त्यांच्याच घराच्या भिंतीत. ते हळूहळू आईकडे वळले.

"अव्वा. तुला ठाऊक होतं."

गज वर गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो आईवर उगारला गेला, आणि खाली येण्याआधी कृष्णवेणीनं पहार टाकून डाव्या हातानं तो पकडला.

"त्यांना मारू नका. त्या बोलल्या असत्या तर तुम्ही काय केलं असतंत? सकाळी माझं जे केलंत तेच ना? या घरात बोलणाऱ्या बाईला काय मिळतं ते त्यांनी आज सकाळीच बघितलं होतं. तुमच्या गजाला भिऊन त्या गप्प बसल्या, आणि त्या गप्प बसल्या म्हणून चंपा गेली."

गज रघुपतीरावांच्या हातातून निसटला आणि विटांवर पडला. ते भिंतीच्या ढिगाऱ्यात बसले आणि त्यांनी डोकं धरलं.

कृष्णवेणीनं डाव्या हातानं फडकी गोळा केली, घमेल्यात भरली आणि न्हाणीघरात नेली. हंड्याखाली लाकडं रचली, वर थोडी फडकी. सकवारबाई मागोमाग आल्या. सवयीनं, अजूनही सवयीनं, त्या पदर पसरून घमेलं झाकायला वाकल्या.

"नको गे वेणी. जाळू नको. कूस जळते म्हणतात."

कृष्णवेणीनं काडी ओढली. "कुणाची, अव्वा? माझी तुम्ही जळलीच धरलीत. तुमची पोर ओसरीवर पडली आहे. आता कुणाची जळायची राहिली?"

सकवारबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग घमेल्यात हात घातला, तळातून एक खाकी तुकडा ओढून काढला, उलटासुलटा केला. "हे माझं," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या वर्षातलं." आणि तो त्यांनी आपल्या हातानं चुलीत घातला.

तेवढ्या फडक्यांवर पाणी कढत झालं. कृष्णवेणीनं डाव्या हातानं तांब्या भरला आणि सासूनं चंपाला धरलं. दोघींनी तिला न्हाऊ घातलं, मांड्यांवरचे बुजलेले व्रण आणि पाठीवरचे फांदीचे ताजे वळ, सगळं धुतलं. बाकी बायका लांबूनच बघत उभ्या होत्या.

ती भिंत पुन्हा बांधली गेली नाही. तिच्या जागी खांब रोवून दोरी ताणली आहे आणि तिच्यावर पांढरं मलमल भर दुपारच्या उन्हात वाळतं. मेजावरचा गज गेला, आता कापड फितीनं मोजतात. रघुपतीराव तागा कापताना एक पट्टा न बोलता बाजूला काढून ठेवतात. कृष्णवेणीची दोन बोटं वाकडीच राहिली. काजं आता तिला जमत नाहीत. दुपारी ती गल्लीतल्या मुलींना ओसरीवर बसवते आणि शाळेतल्या बाईंनी दार लावून सांगितलेलं सगळं सांगते. फरक एवढाच, की ती दार उघडं ठेवते.

बाकी गल्ल्यांचं काय? भोक प्रत्येक घरात आहे. कुठे कौलाखाली, कुठे कणगीमागे, कुठे पेटीच्या तळाशी. तुमच्या घरात त्याला काय नाव आहे, एवढं आज घरी गेल्यावर विचारा. आणि उत्तर देणारीनं उत्तर देण्याआधी तुमच्या हाताकडे बघितलं, तर का बघितलं तेही विचारा.